फुले, निळू

फुले, निळू : (४ एप्रिल १९३०–१३ जुलै २००९). मराठी रंगभूमी व चित्रपट यांतील एक श्रेष्ठ चरित्रनट, लोकनाट्य कलावंत आणि सामाजिक कार्यकर्ते. संपूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म पुणे येथे. ग्रामीण महाराष्ट्रातील सत्ताधारी पाटील, सरपंच व साखर कारखान्याचा अध्यक्ष यांची जी प्रतिमा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी प्रेक्षकांच्या मनावर ठसली, ती मुख्यतः त्यांच्या भूमिकांमधून. मात्र ही प्रतिमा उभी करणारा नट स्वतः आयुष्यभर समाजवादी व सत्यशोधकी विचारांचा पाईक होता. ज्या सत्तेला त्यांचा विरोध होता, तिलाच पडद्यावर देह देण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. त्यांच्या कारकीर्दीचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

चरित्रनट ही संज्ञा मराठीत काहीशी सैलपणे वापरली जाते. नायकाचा बाप, मामा किंवा म्हातारा नोकर रंगविणारा तो चरित्रनट, असा एक समज रूढ आहे. तो अपुरा आहे. ज्या नटाचे रूप, वय व आवाज हे स्वतःच्या आकर्षणासाठी नसून भूमिकेच्या स्वभावरेखनासाठी राबविले जातात, तो खरा चरित्रनट होय. ब्रिटिश रंगभूमीवर व चित्रपटांत ही परंपरा विशेष समृद्ध आहे. देखणेपणाचा अभाव असलेल्या चार्ल्स लॉटन यांनी १९३३ च्या चित्रपटातील आठव्या हेन्री राजाच्या भूमिकेने अमेरिकेतील अकादमी पारितोषिक मिळविले, तर ॲलेक गिनेस यांनी ‘काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या एकाच चित्रपटात एका कुटुंबातील आठ व्यक्ती रंगविल्या. मराठीत केशवराव दाते, चिंतामणराव कोल्हटकर व बाबूराव पेंढारकर यांनी हे स्थान आपापल्या परीने निर्माण केले. कोल्हटकरांनी ‘भावबंधन’मधील घनश्याम हा खलपुरुष नायकाहून अधिक लक्षात राहील अशा ताकदीने रंगविला. पेंढारकरांनी खलनायकीत नाव मिळविल्यानंतर आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ (१९५४) या चित्रपटात जोतीरावांची भूमिका केली. निळू फुले हे या परंपरेतील असले, तरी त्यांची घडण निराळी होती. ते ना संगीत नाटकाच्या मंडळीतून आले, ना कोल्हापूरच्या स्टुडिओतून. ते कलापथकातून आले.

त्यांचे बालपण व शिक्षण सामान्य परिस्थितीत झाले. तरुणपणी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्यांनी माळी म्हणून नोकरी केली. ही नोकरी केवळ पोटापुरती नव्हती. झाडांची त्यांना मनापासून आवड होती व स्वतःची रोपवाटिका असावी, ही त्यांची त्या वेळची महत्त्वाकांक्षा होती. याच काळात राष्ट्र सेवा दलाशी त्यांचा संबंध आला व तुटपुंज्या पगारातील काही भाग ते सेवा दलाच्या कामासाठी देऊ लागले. सेवा दलाची स्थापना १९४१ मध्ये झाली होती. शाखा, अभ्यासवर्ग व श्रमदान यांच्या जोडीला गाणी, पोवाडे व वग यांतून विचार खेड्यापाड्यांत नेण्यासाठी दलाने कलापथक उभारले. या पथकातून पुढे नावारूपाला आलेल्या कलावंतांची संख्या बरीच मोठी आहे. राम नगरकर व दादा कोंडके हे फुले यांचे त्या काळातील सहकारी होत.

कलापथकाच्या कामाचे स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय फुले यांच्या अभिनयाचा उगम कळत नाही. कलापथकाला नाट्यगृह नसे. गावच्या चावडीसमोर, देवळाच्या पारावर किंवा शाळेच्या मैदानात दोन कंदिलांच्या उजेडात खेळ होई. पडदा नसे, ध्वनिवर्धक क्वचित असे आणि समोरचा प्रेक्षक उठून कधी जाईल याचा नेम नसे. अशा प्रेक्षकाला धरून ठेवण्यासाठी नटाला हजरजबाबी असावे लागे. त्याच गावातील ताजी घटना, एखाद्या पुढाऱ्याची लकब किंवा त्या वर्षीचा पाऊस संवादांत आणून सोडावा लागे. ⇨तमाशातील बतावणी व वग यांचे तंत्र येथे कामी येई. मात्र पारंपरिक तमाशातील शृंगाराची जागा येथे राजकीय व सामाजिक उपहासाने घेतलेली असे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने वातावरण तापलेले असताना, १९५७ च्या निवडणुकीच्या सुमारास, फुले यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यातील त्यांच्या कामाकडेही जाणकारांचे लक्ष गेले.

व्यावसायिक रंगमंचावर त्यांना खरी प्रसिद्धी मिळाली ती शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने. शंकर पाटील हे कोल्हापूर परिसरातील ग्रामीण कथाकार. त्यांच्या लेखनात खेड्यातील माणसाचा इरसालपणा व त्याची लबाडी यांचे चित्रण हसू आणते, पण ते हसू निरागस नसते. या लेखनाला फुले यांच्या रूपाने नेमका नट भेटला. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने (१९६५) दादा कोंडके यांना जे स्थान दिले, तेच ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने फुले यांना दिले असे म्हणता येईल, पण दोघांच्या विनोदाची जात वेगळी होती. कोंडके हे भाबड्या चेहऱ्याने प्रेक्षकांना आपल्या बाजूला ओढत. फुले हे प्रेक्षकांना हसवीत असतानाच सावध करीत.

या लोकनाट्यातील काम पाहून दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटात झेले अण्णा ही भूमिका दिली. माने हे ‘सांगत्ये ऐका’च्या (१९५९) अपूर्व यशानंतर तमाशाप्रधान चित्रपटांचे प्रमुख दिग्दर्शक मानले जात. त्यांच्या चित्रपटांत पाटील असे, सरपंच असे, तमासगिरीण असे. पण ही पात्रे बव्हंशी साच्यातली असत. झेले अण्णाने तो साचा मोडला. गावात भांडण लावून देणारा, दोन्ही बाजूंना सल्ला देणारा, स्वतः नामानिराळा राहणारा हा माणूस कोणत्याही गावात सहज सापडावा असा होता. त्याचा बसका, किंचित घोगरा आवाज, अर्धवट मिटलेले डोळे आणि वाक्य संपण्यापूर्वीच पुढच्या डावाचा विचार चालू असल्याचा भास, हे सर्व प्रेक्षकांना नवे होते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी फुले यांचे चित्रपटसृष्टीत पदार्पण झाले आणि त्यानंतर त्यांना मागे वळून पाहावे लागले नाही. पुढे ‘सोंगाड्या’ (१९७१) या दादा कोंडके यांच्या गाजलेल्या चित्रपटात आणि व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) त्यांनी महत्त्वाच्या भूमिका केल्या. ‘पिंजरा’ हा एमिल यानिंग्ज यांच्या अभिनयाने गाजलेल्या ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटाच्या कल्पनेवर आधारलेला असून त्यात श्रीराम लागू यांनी आदर्शवादी मास्तरांची भूमिका केली. लागू व फुले यांच्या पुढील अनेक वर्षांच्या जोडीची सुरुवात येथून झाली. लागू हे मूळचे साताऱ्याचे, पेशाने शल्यचिकित्सक, आवाजाची व उच्चारांची कसून तालीम केलेले नट. फुले हे मैदानात, पारावर तयार झालेले. दोघांच्या पद्धती भिन्न असल्या, तरी परस्परांच्या कामाला त्यांनी जो वाव दिला तो मराठीत दुर्मीळ आहे.

त्याच वर्षी विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले. दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचे होते व फुले यांनी सखारामची, तर लालन सारंग यांनी चंपाची भूमिका केली. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, त्यांच्यावर हुकमत गाजविणारा आणि तरीही स्वतःला ढोंगी समाजाहून प्रामाणिक समजणारा हा पुस्तक-बांधणी कामगार म्हणजे मराठी नाटकातील एक अस्वस्थ करणारी निर्मिती आहे. नाट्यप्रयोग परिनिरीक्षण मंडळाने सुचविलेल्या काटछाटी, त्यांविरुद्ध निर्मात्यांनी न्यायालयात दिलेला लढा व त्यांच्या बाजूने लागलेला निकाल यांमुळे या नाटकाचा बराच गाजावाजा झाला. त्या गदारोळात फुले यांच्या कामाचे मोल काहीसे झाकले गेले. वास्तविक सखाराम हा केवळ पशू म्हणून रंगविला असता, तर नाटक सनसनाटी होऊन संपले असते. फुले यांनी त्याच्या क्रौर्याबरोबर त्याचा एकटेपणा दाखविला आणि लक्ष्मी व चंपा या दोन स्त्रियांच्या कात्रीत सापडून ढासळत गेलेल्या पुरुषाची केविलवाणी अवस्था उघड केली. ग्रामीण विनोदी नट म्हणून ज्यांनी त्यांची गणना केली होती, त्यांना या भूमिकेने आपले मत बदलावे लागले.

फुले यांच्या चित्रपटीय भूमिकांचा सामाजिक आशय समजण्यासाठी त्या काळातील दक्षिण महाराष्ट्राचे चित्र थोडक्यात पाहिले पाहिजे. पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना नगर जिल्ह्यात प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास उभा राहिला. पाठोपाठ कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात सहकाराचे जाळे पसरले. सांगलीत वसंतदादा पाटील, वाळव्यात राजारामबापू पाटील, कराड भागात यशवंतराव मोहिते व वारणेकाठी तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली कारखाने, बँका, दूध संघ व शिक्षणसंस्था निघाल्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. ऊस, कर्ज, रस्ता, शिक्षकाची बदली व मुलाची नोकरी या सर्वांच्या किल्ल्या गावातील व तालुक्यातील मोजक्या माणसांच्या हाती आल्या. सहकाराने शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर त्याने एक नवा सत्ताधारीही निर्माण केला, हेही तितकेच खरे. जुन्या वतनदार पाटलाचा वाडा व नव्या अध्यक्षाची जीप यांचे मिश्रण असलेला हा पुरुष मराठी साहित्यात व चित्रपटांत यायचा होता.

सातारा-सांगलीच्या प्रेक्षकाला यातील आणखी एक गोष्ट जवळून ठाऊक होती. शिराळा तालुक्यातील बिळाशी येथे १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाला होता. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने याच परिसरात इंग्रजांच्या सत्तेला आव्हान दिले. १९४९ मध्ये निर्माण झालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला, तेव्हा त्या लढ्यातील माणसे ऐन उमेदीत होती. त्यांतील काही सत्तेत गेली, काही बाजूला पडली. एकाच गावात, कधी एकाच भावकीत, ही दोन्ही प्रकारची माणसे नांदत होती. त्यामुळे पुढे पडद्यावर एक उद्ध्वस्त स्वातंत्र्यसैनिक व एक साखरसम्राट समोरासमोर उभे राहिले, तेव्हा शिराळा किंवा वाळवा भागातील प्रेक्षकाला ही कथा समजून घेण्यासाठी कोणत्याही भाष्याची गरज लागली नाही.

हा चित्रपट म्हणजे जब्बार पटेल यांचा ‘सामना’ (१९७५). तेंडुलकर यांची पटकथा, रामदास फुटाणे यांची निर्मिती व पटेल यांचे हे चित्रपटदिग्दर्शनातील पदार्पण. दारूच्या आहारी गेलेला, कधीकाळी स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेला एक मास्तर (श्रीराम लागू) योगायोगाने एका गावात येतो. गावचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) त्याला आश्रय देतात. कारखाना, कुक्कुटपालन, शाळा, पोलीस, सर्व काही हिंदुरावांच्या मुठीत आहे. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव येते. गावातून नाहीशा झालेल्या या माजी सैनिकाचे काय झाले, असे तो विचारू लागतो आणि विचारतच राहतो. या एका प्रश्नाने हिंदुरावांच्या साम्राज्याला तडा जातो. मोहन आगाशे यांनी मारुती कांबळेची भूमिका केली होती. चित्रपट १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला व उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्याला मिळाले.

हिंदुराव ही फुले यांची सर्वोत्कृष्ट चित्रपटीय भूमिका मानावी लागेल. तिचे वैशिष्ट्य असे, की हिंदुराव क्वचितच ओरडतात. सत्ता इतकी पक्की आहे, की आवाज चढविण्याची गरज नाही. मास्तरचे पाहुणचाराने स्वागत करताना त्यांच्या वागण्यात खरा उमदेपणा आहे. गावाचे भले आपण केले, हा त्यांचा दावाही खोटा नाही. मास्तरविषयी त्यांना वाटणारी ओढ हीसुद्धा खरी आहे, कारण स्वतःमध्ये जे उरले नाही त्याचा अवशेष त्यांना या दारुड्यात दिसतो. प्रश्न वाढत जातो तसा चेहऱ्यावरील रुबाब न हलता डोळ्यांत भीती उतरते. खलपुरुषाला घाबरलेला दाखविणे सोपे असते. घाबरलेला असूनही तो घाबरलेला नाही असे स्वतःलाच पटवू पाहणारा दाखविणे कठीण. फुले यांनी ते केले. याच काळात त्यांना ‘हात लावीन तिथे सोनं’, ‘सामना’ व ‘चोरीचा मामला’ या चित्रपटांतील भूमिकांसाठी महाराष्ट्र शासनाची पारितोषिके मिळाली.

अभिनयाची त्यांची साधने मोजकी होती. देहयष्टी बेताची, चेहरा रूढ अर्थाने देखणा नाही, आवाज पल्लेदार नाही. या उणिवांचा त्यांनी उपयोग करून घेतला. आवाजातील खरखर त्यांनी धमकीसाठी वापरली आणि करुणेसाठीही. बोलण्याचा वेग ते मुद्दाम उतरवीत. दोन शब्दांमधील थांबा इतका लांबवीत, की समोरचे पात्र व प्रेक्षक दोघेही अस्वस्थ होत. हातातील विडी वा सिगारेट, धोतराचा सोगा, टोपी मागे सारण्याची लकब यांसारख्या गोष्टी त्यांनी गावोगाव हिंडताना प्रत्यक्ष माणसांकडून उचललेल्या होत्या. ग्रामीण बोली ते सहजतेने वापरीत. मराठी चित्रपटांत बरीच वर्षे खेडवळ बोलीचे विडंबन होत आले होते. ‘ळ’ व ‘ण’ यांची ओढाताण केली, की ग्रामीण भाषा झाली असे मानले जाई. फुले यांच्या तोंडी ती हसण्याचा विषय न राहता हुकमतीची भाषा झाली. माझ्या मते ग्रामीण पात्राला मिळालेली ही प्रतिष्ठा, मग ते पात्र दुष्ट का असेना, हे त्यांचे एक मोठे कार्य आहे व त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

जब्बार पटेल यांच्या पुढील चित्रपटांत त्यांनी खलपुरुषाची चौकट ओलांडली. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारित ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) त्यांनी ठाकर जमातीतील भगताची भूमिका केली. ‘सिंहासन’ (१९७९) हा अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला कृष्णधवल चित्रपट. त्यात फुले यांच्याकडे पत्रकार दिगू टिपणीस ही भूमिका आली. येथे ते सत्ताधारी नसून सत्तेचा साक्षीदार आहेत. मुख्यमंत्री (अरुण सरनाईक) व त्यांना खाली खेचू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू), कामगार पुढारी व तस्कर या सर्वांच्या दालनांत टिपणीसला मुक्तद्वार आहे. सर्व काही त्याला ठाऊक आहे आणि त्याच्या हाती काहीही नाही. शहरी, मध्यमवर्गीय, थकलेला असा हा माणूस फुले यांनी जवळजवळ न बोलता उभा केला. शेवटी त्याचे मानसिक संतुलन ढळते. हिंदुराव धोंडे पाटील रंगविणाऱ्या नटाकडून हे काम करवून घेण्यात दिग्दर्शकाची सूक्ष्म दृष्टी दिसते. रंगभूमीवर जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी केलेली अप्पाजी ही वृद्ध गांधीवादी स्वातंत्र्यसैनिकाची भूमिका याच जातीची होय. सत्तेवर बसलेल्या आपल्याच माणसांकडून मूल्यांची होणारी मोडतोड पाहणारे अप्पाजी म्हणजे एका अर्थी हिंदुरावांची दुसरी बाजू. सेवा दलाच्या मुशीतून आलेल्या या नटाला ही भूमिका शोधावी लागली नसावी.

हिंदी चित्रपटांत ते तुलनेने थोडे वावरले. ‘कुली’ (१९८३) व ‘मशाल’ (१९८४) या मोठ्या निर्मितींत त्यांनी कामे केली. परंतु आवर्जून उल्लेख करावा अशी हिंदी भूमिका महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मधील (१९८४) गजानन चित्रे ही होय. मुलाच्या प्रेयसीला व तिला आसरा देणाऱ्या वृद्ध दांपत्याला छळणारा हा शहरी राजकारणी म्हणजे ग्रामीण पाटलाचाच महानगरातील अवतार आहे. अनुपम खेर यांचा प्रधान ज्या भीतीशी झगडतो, ती भीती खरी वाटण्याचे श्रेय फुले यांच्याकडे जाते.

इतके असूनही त्यांच्या कारकीर्दीचा मोठा भाग दुय्यम दर्जाच्या चित्रपटांत खर्ची पडला, हे नमूद करणे आवश्यक आहे. १९७० व १९८० च्या दशकांत मराठी चित्रपटसृष्टीचा आर्थिक पाया डळमळीत होता. एखादी भूमिका चालली, की निर्माते तीच पुन्हा मागत. राजशेखर, जयशंकर दानवे यांच्यासारखे खलनट किंवा नाच्याच्या भूमिकेत अडकून पडलेले कोल्हापूरचे गणपत पाटील यांचेही असेच झाले. गणपत पाटलांना तर त्या भूमिकेचा उपद्रव खाजगी आयुष्यातही सोसावा लागला. फुले यांना सरपंच, अध्यक्ष, ‘सहकार सम्राट’ अशा भूमिका एकामागून एक करीत राहाव्या लागल्या. संवाद बदलत, वाडा तोच राही. तरीही कच्च्या पटकथेतील पात्रातही ते एखादी तिरकी नजर, एखादा अनपेक्षित हुंकार अशी भर घालीत, की तेवढ्यापुरता चित्रपट जिवंत होई. विसाव्या शतकाच्या अखेरीस नकलाकारांनी त्यांच्या आवाजाची व बाईला वाड्यावर बोलावणाऱ्या पाटलाची नक्कल करून ती घरोघर पोहोचविली. त्यामुळे नव्या पिढीला निळू फुले ठाऊक झाले ते बहुधा नकलेतून. लोकप्रियतेचा हा प्रकार नटाला न्याय देणारा नाही.

यात्रेतील तंबूत, मातीवर बसून चित्रपट पाहणाऱ्या ग्रामीण स्त्रियांच्या मनात त्यांच्याविषयी खरोखरीची चीड असे. पडद्यावर ते दिसताच शिव्याशाप सुरू होत. प्रत्यक्ष भेटीतही अनेकींना त्यांच्याजवळ जाण्याची भीती वाटे. फुले यांनी या रागाकडे आपल्या कामाची पावती म्हणून पाहिले. येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. त्या स्त्रिया ज्या माणसाला शिव्या देत होत्या, तो त्यांच्या गावात खराखुरा होता आणि त्याला तोंडावर काही बोलण्याची सोय नव्हती. तंबूच्या अंधारात ती होती. कलापथकाने पारावर जे काम केले, तेच या ठिकाणी वेगळ्या रीतीने घडत होते.

पडद्याबाहेरचे फुले हे मितभाषी, वाचनाची दांडगी आवड असलेले व राहणीने साधे होते. महात्मा जोतीराव फुले, राममनोहर लोहिया व साने गुरुजी यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. चळवळींत ते नावापुरते नव्हते. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देता यावे, यासाठी १९८० च्या दशकात बाबा आढाव, श्रीराम लागू, नरेंद्र दाभोलकर आदींच्या पुढाकाराने सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यात आला. त्यासाठी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या जुन्या नाटकाचे प्रयोग नामवंत कलावंतांना घेऊन महाराष्ट्रभर करण्यात आले. लागू, फुले, तनुजा, रोहिणी हट्टंगडी यांनी त्यांत भाग घेतला. समाजाकडून मिळालेली लोकप्रियता समाजाच्याच कामी लावण्याचा हा प्रयत्न मराठी रंगभूमीच्या इतिहासात वेगळा उठून दिसतो. साताऱ्यात केंद्र असलेल्या दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या व्यासपीठावरही फुले नेहमी जात. ज्या गावांनी त्यांना पडद्यावर शिव्या दिल्या होत्या, त्याच गावांत ते बुवाबाजी, व्यसन व जातिभेद यांविरुद्ध बोलत. घोगऱ्या आवाजातील त्यांचे हे बोलणे भाषणासारखे नसे; समोरच्याला बाजूला घेऊन समजावल्यासारखे असे. दाभोलकरांची पुढे २०१३ मध्ये पुण्यात हत्या झाली. ती पाहण्यास फुले हयात नव्हते, लागू होते.

अभिनयाबद्दल त्यांना संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक १९९१ मध्ये मिळाले. त्यानंतर त्यांनी भूमिका हळूहळू कमी केल्या. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या व जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘एक होता विदूषक’मध्ये (१९९२) ते लोकनाट्याच्या जगात पुन्हा दिसले. ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ (२००९) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक असून त्याचा विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा आहे. अन्ननलिकेच्या कर्करोगाने पुणे येथे त्यांचे निधन झाले.